पोलीस ठाण्यातून गेलेल्या 47 बोलेरो

महिला सुरक्षेच्या धोरणावर प्रशिक्षण असलं की समोरचे लोक कायद्याची कलमं ऐकायच्या तयारीने बसतात. मी गाडीपासून सुरुवात करते.

जून 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी 220 बोलेरो घेतल्या. सोबत 35 एर्टिगा, 313 पल्सर आणि 200 ॲक्टिव्हा. खर्च 30 कोटींच्या वर, आणि पैसा निर्भया निधीचा, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठी केंद्राने वेगळा ठेवलेला. जुलैपर्यंत गाड्या ठाण्यांना वाटून झाल्या. त्याच जुलैत मोटार परिवहन विभागाने वेगवेगळ्या ठाण्यांकडून त्यातल्या 47 बोलेरो परत मागवल्या. शिवसेनेतल्या बंडात एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेल्या 40 आमदारांना आणि 12 खासदारांना ‘वाय प्लस’ सुरक्षा द्यायची होती आणि तेवढ्या गाड्या हाताशी नव्हत्या. इंडियन एक्स्प्रेसने डिसेंबर 2022 मध्ये हे छापलं, तेव्हा 17 गाड्या ठाण्यांत परतल्या होत्या, 30 बाहेरच होत्या. ज्या घटनेवरून निधीला नाव मिळालं, दिल्लीतल्या बसमधल्या त्या रात्रीला दहा वर्षं पुरी व्हायला आठवडाही उरला नव्हता.

प्रकरण एवढंच. यात मोठा घोटाळा नाही, कुणी पैसे खाल्ल्याचा आरोप नाही, गाड्या विकल्या गेल्या नाहीत. पोलिसांच्या गाड्या पोलिसांकडेच राहिल्या, फक्त ठाण्याच्या आवारातून ताफ्यात गेल्या. म्हणूनच शिकवायला हे प्रकरण मला फार सोयीचं वाटतं. चोर नसला की व्यवस्था कशी चालते ते नीट दिसतं.

गाडी का लागते

माझं काम घरात मार खाणाऱ्या बायकांसोबत ठाण्यात बसण्याचं. काही वर्षांपूर्वी एका उपनगरातल्या ठाण्यात रात्री साडेनऊला एक बाई आली. कडेवर मोठी मुलगी, चार वर्षांची. धाकटा, आठ महिन्यांचा, घरी नवऱ्याजवळ राहिलेला. तो दारू पिऊन आतून कडी लावून बसला होता. तिला तक्रार लिहायची नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं, “साहेब, आधी बाळ आणून द्या, मग काय लिहायचं ते लिहा.”

ठाणे अंमलदार चांगला माणूस होता. त्याने तिला पाणी दिलं, मुलीला बिस्किटाचा पुडा दिला. “ताई, गाडी आली की लगेच निघू,” म्हणाला. एक मोबाईल, म्हणजे गस्तीची गाडी, नाकाबंदीला होती, दुसरी कुण्या पाहुण्याच्या बंदोबस्ताला. तिसरी गॅरेजमध्ये. वायरलेसवर त्याने दोनदा विचारलं. पावणेबाराला महिला हवालदार उठल्या, म्हणाल्या, “मॅडम, रिक्षानेच जाऊ या,” आणि आम्ही चौघी एका रिक्षात बसलो. मीटर झाला 68 रुपये. मी पर्स काढली तर हवालदार बाईंनी हात धरला. त्यांनीच दिले. बाळ सुखरूप होतं, झोपलेलं. नवराही झोपलेला. दार उघडायला शेजाऱ्याने मदत केली.

त्या सव्वादोन तासांत काही वाईट घडलं नाही, म्हणून त्याची नोंद कुठेच नाही. गाडी नसण्याचा तोटा आकड्यात कधी येत नाही तो असा.

लोक मला सांगतात की गाड्या आणि कॅमेरे हा दिखाऊ खर्च आहे, बाईला धोका अंधाऱ्या रस्त्यावर कमी आणि घरात जास्त असतो. दुसरा भाग खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांत महिलांवरच्या गुन्ह्यांची देशभरात 4,45,256 प्रकरणं आहेत, महाराष्ट्रात 45,331. यातला सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा. बलात्काराच्या प्रकरणांत शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा. पण म्हणून गाडी निरुपयोगी ठरते हे मला पटत नाही. घरात जायलाही गाडीच लागते.

साकीनाका

या 220 गाड्यांच्या मागे मुंबईची एक रात्र आहे. 10 सप्टेंबर 2021 ची पहाट, साकीनाका. उभ्या टेम्पोत एका 34 वर्षांच्या बाईवर बलात्कार झाला, अमानुष मारहाण झाली. एका रखवालदाराने नियंत्रण कक्षाला फोन केला. पोलिसांच्या सांगण्यानुसार दहाएक मिनिटांत पथक पोहोचलं. रुग्णवाहिकेची वाट न बघता एका पोलिसाने तोच टेम्पो चालवत राजावाडी रुग्णालयात नेला. ज्या वाहनात गुन्हा झाला त्याच वाहनातून जखमी बाई रुग्णालयात गेली. त्या पोलिसाने प्रसंगावधान दाखवलं यात शंका नाही, आणि त्याच्यापुढे दुसरा जलद मार्ग नव्हता यातही नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. जून 2022 मध्ये दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली.

घटनेनंतर पोलीस प्रत्येक ठिकाणी हजर असू शकत नाहीत असं तेव्हाचे आयुक्त हेमंत नगराळे म्हणाले आणि त्यांच्यावर टीका झाली. विधान चुकीचं नव्हतं, वेळ चुकली. पण त्याच महिन्यात त्यांनी जो आदेश काढला तो वाचण्यासारखा आहे. प्रत्येक ठाण्यात निर्भया पथक, त्यात महिला अधिकारी आणि महिला अंमलदार, आणि ठाण्याची ‘मोबाईल-5’ ही गाडी याच पथकाची. अंधाऱ्या, निर्जन जागांची यादी करायची, तिथे गस्त वाढवायची. 26 जानेवारी 2022 ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते पथकाचा औपचारिक प्रारंभ झाला.

राज्य सरकारने त्या काळात आणखी एक मोठं पाऊल उचललं होतं, शक्ती विधेयक. फेब्रुवारी 2020 मधल्या हिंगणघाटच्या जळीत प्रकरणानंतर त्याची मागणी वाढली. डिसेंबर 2020 मध्ये ते मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं. कायदा म्हणून ते कधी लागू झालं नाही. फाशी, मुदतीत तपास, विशेष न्यायालयं, सगळं कागदावर राहिलं. म्हणजे साकीनाक्यानंतर मुंबईच्या बाईच्या वाट्याला प्रत्यक्षात जे आलं ते ‘मोबाईल-5’ आणि पुढच्या जूनमध्ये आलेल्या या नव्या गाड्या. 220 बोलेरो आणि शहरातली नव्वदहून अधिक ठाणी, म्हणजे एका ठाण्याला दोन किंवा त्याहून थोड्या जास्त. फार नाहीत, पण रिक्षाचे 68 रुपये वाचतील एवढ्या.

गाड्या गेल्या त्या दिवसांत

दुसरी बाजूही ऐकू या, कारण ती खोटी नाही. 20 जून 2022 च्या रात्री शिवसेनेचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटी, मग गोवा. 30 जूनला एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला. मधल्या दहा दिवसांत राज्यात वातावरण तापलेलं होतं. तानाजी सावंत यांचं पुण्यातलं कार्यालय फुटलं. केंद्राने जूनच्या अखेरीस बंडखोर आमदारांपैकी पंधराएक जणांना केंद्रीय राखीव पोलीस दलाची ‘वाय प्लस’ सुरक्षा दिली. पुढे 2 ऑगस्टला उदय सामंत यांच्या गाडीवर कात्रजला हल्ला झाला. तेव्हा धोका कल्पनेतला होता असं कुणी म्हणू नये. लोकप्रतिनिधीने पक्ष सोडला म्हणून त्याच्या डोक्यात दगड पडावा, हे कुठल्याच लोकशाहीत चालणार नाही. त्याला संरक्षण द्यायलाच हवं.

प्रश्न ते कुठून द्यायचं, हा होता. बातमीतल्या अधिकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे वाय प्लसला एक गाडी आणि पाच पोलीस लागतात. 52 जणांना 52 गाड्या. महिन्याभरात एवढ्या गाड्या कुठल्याच सरकारकडे रिकाम्या उभ्या नसतात. राज्य पोलिसांच्या व्हीआयपी सुरक्षा विभागाकडून मागणी आली, मुंबईच्या मोटार परिवहन विभागाने आपल्याकडच्या सगळ्यात नव्या, चालू स्थितीतल्या गाड्या कुठे आहेत ते पाहिलं. त्या ठाण्यांत होत्या. मागवल्या. 220 पैकी 47, म्हणजे दर पाच गाड्यांमागे एक.

त्या विभागातल्या माणसाच्या जागी मी स्वतःला बसवून पाहते. वरून आदेश आहे, तोही तातडीचा. आमदाराला काही झालं तर उद्या सकाळी चौकशी, निलंबन, विधानसभेत प्रश्न. ठाण्याची एक गाडी कमी झाली तर काय? ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक दोन वेळा फोन करतील, मग जुन्या गाडीवर भागवतील. मी काय केलं असतं? हेच.

पाच पोलिसांचा हिशेबही एकदा करून पाहा. 52 गुणिले 5, 260. हा माझा नुसता गुणाकार आहे, पण तो करताना माझ्या लक्षात आलं की बातमी गाड्यांची झाली, माणसांची झाली नाही. गाड्यांवर निधीचं नाव होतं. हवालदाराच्या पगारावर कुठल्याही पीडितेचं नाव नसतं, त्यामुळे तो ताफ्यात गेला तर कुणाच्या खिशातून काय गेलं ते दिसत नाही. मला विचाराल तर गाडीपेक्षा माणसाचं जाणं जास्त महाग.

हा प्रश्न नवा मुळीच नाही. 2013 च्या सुरुवातीला, दिल्लीच्या घटनेचा राग अजून रस्त्यावर असताना, सर्वोच्च न्यायालयात लाल दिव्याच्या गाड्यांचं प्रकरण चालू होतं, अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश. तेव्हा न्यायालयाने राज्यांकडून व्हीआयपी सुरक्षेचा हिशेब मागवला होता आणि यांच्याभोवतीचे पोलीस काढून रस्ते बायकांसाठी सुरक्षित का करत नाही, अशा अर्थाचं विचारलंही होतं. 10 डिसेंबर 2013 ला निकाल आला, लाल दिव्याचे हक्कदार कमी झाले. मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही दिवा उतरला. दिव्याखालचं पोलीसबळ मात्र होतं तिथेच राहिलं.

निधीची शिवण कुठे उसवते

आता पैशाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

निर्भया निधी फेब्रुवारी 2013 च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी 1,000 कोटींनी सुरू केला. पुढच्या वर्षी आणखी 1,000 कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी निधीत प्रत्यक्षात काही जमा झालं नाही. आधीचेच पडून होते. निधीची रचना मुद्दाम अशी केली की वर्षअखेरीस शिल्लक रक्कम बुडू नये. निधी अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे, प्रस्ताव तपासण्याचं काम महिला व बालविकास मंत्रालयाकडे, खर्च करायचा गृह, रेल्वे, रस्ते वाहतूक, विधी अशा मंत्रालयांनी आणि राज्यांनी. बऱ्याच योजनांत केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सुनावलं की नुसता निधी स्थापन करून भागत नाही, पीडितांना भरपाई देण्याचं देशभर एकसारखं धोरण कुठे आहे?

या ओरडीनंतर यंत्रणा एका गोष्टीच्या मागे लागली: पैसा खर्च झालेला दिसला पाहिजे. आणि पैसा लवकर खर्च होतो तो वस्तूंवर. सेफ सिटी प्रकल्पात आठ शहरं घेतली, मुंबईला 252 कोटी मंजूर झाले. 112 क्रमांकाची यंत्रणा, रेल्वे स्थानकांवरचे कॅमेरे, बसमधलं पॅनिक बटण, गाड्या. दहा हजार ठाण्यांत महिला मदत कक्ष उभे करायला 100 कोटी, म्हणजे ठाण्यामागे एक लाख. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, संगणक आणि भिंतीवर गुलाबी रंग बसतो. तिथे चोवीस तास बसायला प्रशिक्षित बाई बसत नाही.

2024-25 पर्यंत या निधीत 7,700 कोटींच्या पुढे तरतूद झाली आणि त्यातले साधारण 76 टक्के वापरले गेले असं सरकारने संसदेत सांगितलं. आधीच्या नापास शेऱ्यांच्या मानाने प्रगती आहे. पण ‘वापरले’ म्हणजे काय?

राज्याने गाडी घेतली, बिल भरलं, गाडी ताब्यात आली की उपयोगिता प्रमाणपत्र तयार होतं. अमुक रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली त्याच कारणासाठी खर्च झाली, खाली सही आणि शिक्का. बोलेरोच्या बाबतीत हे प्रमाणपत्र शंभर टक्के खरं आहे. गाड्या घेतल्या, ठाण्यांना दिल्या. निधीचा कागद इथे बंद होतो. त्यानंतर ती गाडी मोटार परिवहन विभागाच्या ताफ्यातली एक गाडी. चालक त्यांचा, डिझेल त्यांचं, दुरुस्ती त्यांची, बदलीचा अधिकार त्यांचा. रुपयाला कुंपण होतं, गाडीला नव्हतं. खरेदीपर्यंत ती निर्भयाची, वापरात ती सगळ्यांची.

प्रशिक्षणात इथे कुणीतरी हात वर करतं आणि म्हणतं, मॅडम, गैरवापर झाला तर लेखापरीक्षक पकडतील. पकडतील, पण काय म्हणून? पोलीस गाडी पोलिसांच्या कामाला वापरली. लोकप्रतिनिधीचं रक्षण हे पोलिसांचं कायदेशीर काम आहे. गाडी लग्नाच्या वरातीत दिसली असती तर गोष्ट वेगळी.

समाजकार्यातली एक जुनी आठवण या जागी सांगण्यासारखी आहे. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी: पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेली, शिकलेली समाजकार्यकर्ती बसवायची. पुढे राज्य सरकारने ती उचलली, आज असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथली कार्यकर्ती बाईचं ऐकून घेते, नवऱ्याला बोलावते, संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवते, कधी रुग्णालयात सोबत जाते. या कामाला फोटो नाही, हिरवा झेंडा दाखवायची सोय नाही. पण एक गुण आहे जो बोलेरोत नाही. विशेष कक्षाच्या ताईला कुणी एस्कॉर्टला लावू शकत नाही.

कुणाचा धोका ‘धोका’ ठरतो

गाड्यांची बातमी आली त्याच्या आदल्याच महिन्यात दिल्लीतलं एक खून प्रकरण उघडकीस आलं होतं. मुलगी वसईची. नोव्हेंबर 2020 मध्ये तिने इकडच्या ठाण्यात लेखी दिलं होतं की सोबत राहणारा तिला मारतो आणि मारून तुकडे करायची धमकी देतो. पुढे तिने भांडण मिटल्याचं लिहून दिलं आणि प्रकरण थांबलं. मे 2022 मध्ये तिचा खून झाला, धमकीत होता तसाच.

आमदाराला धोका आहे असं वाटलं की गुप्तवार्ता विभागाचा अहवाल मागवतात, समिती बसते, श्रेणी ठरते: एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस. प्रत्येक श्रेणीमागे किती माणसं, किती गाड्या हे ठरलेलं. ठरावीक काळाने फेरआढावा. त्या मुलीचा कागदही धोक्याचाच अहवाल होता. हाताने लिहिलेला, मारणाऱ्याचं नाव असलेला, मारायची पद्धतही सांगणारा. त्याला श्रेणी नाही. तिने तो मागे घेतला तेव्हा दबावाखाली घेतला का, हे ठरवायला समिती नाही. आमदाराने उद्या सांगितलं की मला सुरक्षा नको, तरी यंत्रणा चार वेळा विचार करते. बाईने ‘मिटलं’ म्हटलं की फाईल मिटते.

आपल्या भाषेत ‘सुरक्षा’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतात, आणि ज्याच्यामागे राज्य, सत्ता किंवा राष्ट्र उभं असतं ती सुरक्षा पुढे जाते. याचं मोठं उदाहरण दिल्लीच्या घटनेनंतर फौजदारी कायद्यात झालेल्या 2013 च्या दुरुस्तीतच आहे. त्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला, 23 जानेवारी 2013 ला. त्यात मणिपूरसारख्या अशांत प्रदेशांतल्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यावरही लिहिलं होतं. बाईवरच्या लैंगिक हिंसेचा आरोप असलेला जवान साध्या फौजदारी कायद्याखाली यावा, खटल्यासाठी केंद्राची पूर्वपरवानगी आड येऊ नये, असं समितीचं म्हणणं. सरकारने अहवालातलं बरंच घेतलं. लोकसेवकांवर अशा गुन्ह्यात खटल्याला मंजुरी लागणार नाही, ही दुरुस्ती फौजदारी प्रक्रिया संहितेत केली. विशेषाधिकार कायद्याला मात्र हात लावला नाही. राष्ट्रीय सुरक्षा म्हटली की तिथे चर्चा संपते. मणिपूरच्या बाईचा प्रश्न आणि अंधेरीच्या ठाण्यातल्या बोलेरोचा प्रश्न एका मापाचे नाहीत हे मला कळतं. पण दोन सुरक्षांची गाठ पडली की कोणती बाजूला सरकते, याचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

बातमीनंतर

व्हायचं तेच झालं. विरोधकांनी सरकारला संवेदनाहीन म्हटलं. भाजपच्या बाजूने उत्तर आलं की महाविकास आघाडीच्या काळातही या निधीच्या गाड्या मंत्र्यांच्या ताफ्यात होत्याच. दोन दिवस वाहिन्यांवर ‘तुमच्या काळात’ आणि ‘आमच्या काळात’ चाललं. मला ते उत्तर आरोपापेक्षा जास्त उपयोगी वाटलं. दोन्ही काळांत होत असेल तर दोष एका पक्षाचा नाही, रचनेचा आहे, आणि रचना बदलता येते.

ते फार अवघडही नव्हतं. पुरवणी मागण्या ऑगस्टच्या अधिवेशनात मांडल्या गेल्याच. व्हीआयपी गाड्यांसाठी वेगळी रक्कम मागून, तोवर भाड्याच्या गाड्या लावता आल्या असत्या. दोन महिने लागले असते. त्या दोन महिन्यांसाठी ठाण्याची गाडी उसनी घ्यायची असेल तर आदेशात परतीची तारीख टाकता आली असती. उसनवारीचा हा साधा नियम आपण शेजारणीकडून वाटीभर साखर आणताना पाळतो.

मुंबईच्या रस्त्यावर आज एखादी पोलीस बोलेरो दिसली की ती त्या 220 मधली आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही. कळतं ते लॉगबुकवरून. प्रत्येक सरकारी गाडीत ते असतं, लांबट वही, कोपरे दुमडलेले, डिझेलचे डाग पडलेली. तारीख, सुटल्याची वेळ, किलोमीटर, कुठे गेली, कामाचं कारण, खाली वापरणाऱ्याची सही. गाडी रात्री दोनला एखाद्या बाईच्या घरी गेली की एखाद्या बंगल्याबाहेर उभी होती, ते ‘कारण’ या रकान्यात लिहिलेलं असतं.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला मी सगळ्यांकडून एक अर्ज लिहून घेते. माहिती अधिकार कायद्याखाली, आपापल्या शहराच्या पोलीस दलाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे. आमदारांची नावं, मार्ग, कुणाला कोणती श्रेणी, यातलं काही विचारायचं नाही. ते विचारलं की सुरक्षेचं कलम पुढे करून अर्ज परत येतो, आणि त्यात थोडं तथ्यही असतं. फक्त एवढं विचारायचं: निर्भया निधीतून घेतलेल्या चारचाकी किती, त्यातल्या आज ठाण्यांच्या ताब्यात किती, आणि गेल्या तीन महिन्यांत त्या एकूण किती किलोमीटर कोणत्या कारणासाठी चालल्या, कारणनिहाय बेरीज. नावं नकोत, नुसती बेरीज.

मागच्या तुकडीत नवी मुंबईहून आलेल्या एका अंगणवाडी पर्यवेक्षिकेने विचारलं, “मॅडम, यांना बेरीज करायला लावली तर चिडतील ना?” मी म्हटलं, चिडतील. मग तिने दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट कुठे मिळतं ते विचारलं आणि अर्जावर कोपऱ्यात जागा सोडली.